दूध घ्या, ऊन घ्या

॥ श्री ॥

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार. एकादशी.

डाव्या पानावर हिशोब, उजव्या पानावर बाकीचं, असं ठरवून ही वही घातली आहे. डावं पान रोज भरतं. उजव्या पानाला आज मुहूर्त लागला.

काल श्रावणी सोमवार. महादेवाच्या देवळात बेल वाहायला बसले आणि उठताच येईना. मांड्यांत जोरच नाही. मागं बायकांची रांग. शेवटी नंदीच्या शिंगाला धरून उठले. देवा, चुकलं असेल तर पदरात घे, पण आधार तुझ्याच दारातला होता.

ह्यांच्या कानावर गेलंच. आज रजा टाकून मला कोपरगावला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. ही गर्दी! डॉक्टरांच्या तोंडाला पट्टी, नजर कागदावर, आणि बोलणं पळत्या गाडीसारखं. "कॅल्शियम कमी दिसतंय. रक्त तपासून घ्या. ह्या गोळ्या. दूध घ्या, ऊन घ्या, रोज, निदान वीस मिनिटं. सकाळी दहानंतर. टाळू नका."

रक्ताची तपासणी महाग निघाली. तेवढ्यात किती दिवसांचं दूध येईल, असं मनात आलं आणि ती राहू दिली. ह्यांना सांगितलं, पुढच्या वेळी करू. उद्यापासून दुधाचा रतीब वाढवला आहे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

डॉक्टर लोकांना सांगायला काय जातं! वीस मिनिटं दूध ऊन राहतं होय? पहिल्या दिवशी जीभ भाजली. दुसऱ्या दिवशी मंद गॅसवर ठेवून वाटीवाटीने घेतलं, तर सिलिंडरची काळजी. आता बंबातल्या कढत पाण्यात पातेली बसवते आणि शेजारी बसून फुंकत फुंकत घोट घेते. गॅसही वाचला. दहा वाजले की देवपूजा आटपून मी आणि माझं दूध.

सासूबाई अंगणातून हाक मारतात, "ए भारते, इकडं ये की जरा. कोंबडीवानी खुराड्यात का बसून ऱ्हाती?"

"औषध घेतेय, आत्याबाई."

"औषध घेती म्हनं! मिशा पांढऱ्या झाल्या बघ दुधाच्या."

सासूबाईंचं बरं आहे. सकाळपासून शेळ्यांपाशी पाय पसरून बसायचं आणि रस्त्यानं कोण चाललं त्याची चौकशी. चौऱ्याहत्तरी झाली, पण करडू सुटलं तर त्यामागं गल्लीच्या टोकापर्यंत पळतात. माझं वय सत्तेचाळीस. मी उंबरा ओलांडताना चौकट धरते.

२० ऑगस्ट, बुधवार

रेश्माचा फोन आला. तिला पाचवा चालू आहे. पोटात पहिल्यांदा हललं म्हणाली. मी देवाजवळ साखर ठेवली.

जामखेडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते ना, त्यामुळे माझ्या दुखण्याची चौकशी पण परीक्षा घेतल्यासारखी.

"आई, ऊन घेतेस ना रोज?"

"घेते की. वीस मिनिटं."

"शाबास! काचेतून नको हं घेऊ. काचेतून घेतलं तर काही उपयोग नाही."

"बरं बाई."

"आणि बाह्या वर सारून घे. कोपरापर्यंत तरी."

"बरं."

"ढगाळ दिवशी काय करतेस?"

"ढगाळ दिवशी तर आणखीच बरं वाटतं बघ."

ती खूप हसली. म्हणाली, "आई, तुझं आपलं काहीतरीच."

मी काचेचा पेला त्या क्षणी कपाटात ठेवला आणि पितळी फुलपात्र काढलं. पितळेत गुण असतोच. बाह्यांचं मात्र लक्षात आलं नाही. दूध सांडून ब्लाउज खराब होऊ नये म्हणून असेल. शिकलेली पोर, सगळ्या बाजूंनी विचार करते.

२५ सप्टेंबर, गुरुवार. चौथी माळ.

आजवर कधी केलं नाही ते केलं. घटासमोर खुर्ची टाकून बसले. देवी खाली आणि मी वर. आरती होईपर्यंत डोळे उघडले नाहीत.

दुपारी खर्ड्याहून विहीणबाईंचा फोन. चांगुणाबाई बोलायला गोड, पण गुळात खडा असतो. "विहीणबाई, मी काय म्हन्ते, पहिलं बाळंतपन माहेरी असतं ते खरं. पन तुमचीच तब्येत अशी. खाली बसता येईना म्हन्त्यात. लेकराला पायावर घेऊन न्हाऊ कोन घालायचं? रेश्मा इथंच ऱ्हाऊ द्या. आमाला काय जड हाय का?"

मी म्हटलं, बघू.

फोन ठेवला आणि रडले. रेश्माला मी माझ्या पायांवर न्हाऊ घातलं होतं. न्हाणीघरात पाट टाकून, पाय लांब करून. तिची टाळू माझ्या घोट्यांकडे, पावलं माझ्या पोटाकडे. तिचं लेकरू त्याच पायांवर घ्यायचं हे मी तिच्या लग्नातच ठरवून टाकलं होतं. आता पाय आहेत, पण बसायचं कसं आणि उठायचं कसं?

सासूबाईंना कळलं तर त्या म्हणाल्या, "रडती कशाला? आण तिला. मी घालते न्हाऊ. तुझ्या नवऱ्याला कोनी घातलं हुतं?"

त्यांनी धीरच दिला म्हणायचा. मला मात्र जास्तच वाईट वाटलं. नातवंड माझं आहे. आधी माझं.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी.

सगळ्यांनी चांदण्यात ठेवलेलं दूध घेतलं. मी माझ्या वाट्याचं आत नेऊन परत तापवलं. सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "सुनील, तुझी बायकू चंद्राची चव घालवून पीती बघ."

दुधाचा कंटाळा आला आहे. पण टाळू नका म्हणाले होते. एक दिवस टाळलेलं नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

आज काय झालं ते लिहायला घेतलं आणि पुन्हा हसू आलं. लाजही वाटते.

जावई सचिनराव सकाळी रेश्माला सोडून गेले. सातव्या महिन्याचं तेज आहे पोरीच्या तोंडावर. ह्यांना ओवाळायला मी पाटासमोर बसले, ओवाळलं, आणि उठायची वेळ आली तेव्हा ह्यांनी एक हात आणि रेश्मानं दुसरा धरला. पोरीचा चेहराच उतरला.

"आई, अडीच महिने ऊन घेऊनसुद्धा काहीच फरक नाही?"

"नाही ना. थांब, दहा वाजलेच, आता घेतेच तुझ्यासमोर."

मी आत गेले, बंबातून पातेली काढली, फुलपात्र भरलं, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि तिच्यासमोर येऊन बसले. फुंकर मारून घोट घेतला.

ती माझ्याकडे बघते, दुधाकडे बघते, बाह्यांकडे बघते.

"हे काय?"

"ऊन दूध. तूच म्हणालीस काचेतून नको. बघ, पितळेचं आहे."

तिनं फुलपात्रात डोकावून बघितलं. मग पोटाला दोन्ही हात लावून अशी हसायला लागली की मला भीती वाटली, इथंच बाळंत होते की काय. "आई! ऊन! ऊन म्हणजे ते!" आणि दाराबाहेर बोट. अंगणात लख्ख ऊन पडलेलं आणि त्यात सासूबाई पाय पसरून बसलेल्या.

ह्यांनी तर तोंडावर उपरणं घेतलं. सासूबाईंना आधी कळेना. कळल्यावर त्यांना ठसका लागला. "आगं बया! म्हंजे मी फुकटात घेत हुते ते तुला इकत घ्यावं लागलं व्हय!"

सगळे हसतात म्हणून मी पण हसले. पण ऊन ऊन भात म्हणतो, ऊन पाणी म्हणतो, मग दूध घ्या, ऊन घ्या म्हटल्यावर माणसानं काय समजायचं?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल ह्यांनी मला धरूनच रक्त तपासायला नेलं. आज कागद आला. ड जीवनसत्त्व नावालाच आहे अंगात. डॉक्टरांनी आठवड्याला एक पुडी दिली, दुधात घालून. आणि ऊन. दारातलं.

मला एकच गोष्ट सलत होती. म्हटलं, "रेश्मा, समजा ऊन नाही घेतलं. पण दूध तर घेतलं ना? गोळ्या घेतल्या. ते कॅल्शियम गेलं कुठं?"

"बरंचसं आलं तसं गेलं, आई. वाहून."

एवढं दूध! मला बसवेना. तेव्हा तिनं समजावलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आतडं काढलं. आतून त्याला मखमलीसारखी लव असते आणि त्या लवेवर पेशी दाटीवाटीनं उभ्या. दुधातलं कॅल्शियम आतड्यात येतं, पण रक्तात जायचं तर पेशीतून पलीकडे जावं लागतं. तिकडे जाणारी दारं वेगळी. आत शिरायचं दार एक, पलीकडून बाहेर पडायचं दुसरं, आणि ते दुसरं तर जोर लावून ढकलल्याशिवाय चालत नाही. मधल्या वाटेत कॅल्शियम मोकळं सोडायचं नसतं. मोकळं फिरलं तर पेशीत गोंधळ होतो. म्हणून आत एक जण असतो, तो त्याला उचलून या दारापासून त्या दारापर्यंत नेतो.

"कडेवर," मी म्हटलं. "जत्रेत लेकरू हरवू नये म्हणून नेतात तसं."

"अगदी तसं! आता ही दारं आणि हे कडेवर घेणारे पेशीनं स्वतः बनवायचे असतात. ते बनव असा निरोप घेऊन जातं ते ड जीवनसत्त्व. उन्हानं ते कातडीत तयार होतं, पण कच्चं. आधी यकृतात जातं, मग मूत्रपिंडात, तिथं पक्कं होतं, आणि मग पेशीच्या आत जाऊन सांगतं, पाहुणे आलेत, माणसं लावा."

हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतात. ते ऐकून एकदम म्हणाले, "अरे, म्हणजे मुकादम! ऊस उभा आहे, कारखाना पेटलाय, पण मुकादम आला नाही तर तोडणीची टोळी नाही. टोळी नाही तर उसाला हलवणार कोण? शेतात वाळतो नाही तर चिपाड होतो."

"बरोबर पप्पा. थोडंसं तसंही झिरपतं म्हणा आत, पण तेवढ्यानं भागत नाही. मग रक्ताला कमी पडतं ते हाडांतून काढलं जातं."

म्हणजे मी अडीच महिने दारात ऊस आणून टाकत होते आणि मुकादमाला आवतणच नव्हतं.

रात्री देवाजवळ बसून (खुर्चीवर) आतड्यातल्या त्या कडेवर घेणाऱ्यांना हात जोडले. माझ्या पोटात एवढी मोठी सेवा चालते आणि मला पत्ता नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

पहिली पुडी आज. आठवड्यातून एक म्हणाले, तर रविवारच धरला. सूर्याचा वार. रेश्मानं जाताना बजावलं, "आई, लवकर बरं व्हायचं म्हणून रोज घेशील, तर कॅल्शियम इतकं चढेल की दवाखान्यात न्यावं लागेल. आठवड्याला एक म्हणजे एकच." मनात तो विचार आलाच होता. पोटची पोर, ओळखतेच.

९ नोव्हेंबर, रविवार

उन्हात बसायचं म्हणजे लाज आलीच. घरात एवढी कामं असताना बाईमाणसानं भर दिवसा हातपाय उघडे टाकून बसायचं! गल्लीतून दिसू नये म्हणून गच्चीवर जाते. कठडा धरत पायऱ्या चढते. सूर्याची बारा नावं घेत बसते. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

सासूबाई खालून ओरडतात, "भारते, कुरडया घातल्या का पापड? कावळं हाकलायला येऊ का?"

आज शेजारच्या गच्चीवरच्या बाईनं पण विचारलं, "वहिनी, काय वाळत घातलंय?" मी म्हटलं, "मलाच."

रिकामं बसवत नाही म्हणून गहू निवडायला घेतले. दोन कामं एका उन्हात.

२३ नोव्हेंबर, रविवार

मांड्यांचं दुखणं थोडं मागं सरलं आहे. का मनाचे खेळ? देवा, खोटी आशा लावू नको. विहीणबाई डिसेंबरात येणार आहेत. रेश्माला घेऊन येतात का नुसतं बघून जातात, ते माझ्या बसण्याउठण्यावर.

३ डिसेंबर, बुधवार

आज धाडस केलं. घरात कोणी नाही बघून न्हाणीघरात पाट टाकला. भिंत धरून बसले. पाय लांब केले. बाळाच्या जागी काय घ्यावं? पिठाची पिशवी भिजेल. कोपऱ्यात डांगर भोपळा होता, गोरागोमटा, बाळाच्याच वजनाचा. त्याला पायांवर घेतला, तेल लावलं, तांब्यानं पाणी घातलं, टाळूवर हात धरला. पाणी कानात जाऊ नये म्हणून, म्हणजे देठात.

वर बघते तर दारात सासूबाई.

"बारसं कधी भोपळ्याचं?"

"आत्याबाई, जा बरं तुमी."

"जाते. पन उठून दाव आधी."

एक हात भिंतीला, एक हात भोपळ्याला. पहिल्यांदा बसले ती बसलेच. दुसऱ्यांदा अर्धी उठले. तिसऱ्यांदा उभी राहिले. भोपळ्यासकट! भिंत धरून का होईना.

सासूबाईंनी शाबासकी दिली नाही. एवढंच म्हणाल्या, "न्हाऊ मीच घालनार हाय, ध्यानात ठेव. तुझं हात लई भराभर चालत्यात. लेकरू घाबरंल."

संध्याकाळी त्या भोपळ्याचे घारगे केले. ह्यांनी चार खाल्ले. न्हाऊ घातलेला होता हे सांगितलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार. मार्गशीर्षातला.

विहीणबाई आल्या. रेश्मा बरोबर, पण पिशवी एकच, लहान. म्हणजे नुसतं बघून जायच्या.

लक्ष्मीची पूजा मांडली होती. खुर्ची मुद्दाम आतल्या खोलीत ठेवली. मनात नाव घेतलं आणि चांगुणाबाईंच्या समोर पाटावर बसले. कहाणी वाचली, आरती केली. मग ताट घेऊन उठायचं. खाली एक हात टेकला आणि उठले. ताटातला दिवा हलला, पण विझला नाही.

चांगुणाबाई बघत होत्या. जेवणं झाली, आणि त्यांनाच उठता येईना. "विहीणबाई, जरा हात द्या हो," म्हणाल्या हळूच, रेश्मा आत गेलेली बघून.

मी हात दिला. म्हटलं, "तुमी ऊन घेता का?"

"च्या घेते की ऊन ऊन. दोनदा."

मग त्यांना आतड्याची सगळी गोष्ट सांगितली. दारं, कडेवर घेणारे, मुकादम. त्यांनी निघताना पुडीचं नाव लिहून मागितलं. मी म्हटलं, आधी रक्त तपासा, पैशाकडे बघू नका. असं मी म्हटलं!

गाडीत बसताना म्हणाल्या, "रेश्माची मोठी बॅग डिकीत हाय. काढून घ्या."

१२ जानेवारी २०२६, सोमवार

मुलगी झाली. पहाटे. दोघी सुखरूप. देवी आली घरात. आज हिशोब लिहिला नाही, जे गेलं ते गेलं.

२२ जानेवारी, गुरुवार

नाळ काल पडली. आज घरातलं पहिलं न्हाण.

सकाळपासून सासूबाईंनी न्हाणीघराचा ताबा घेतलेला. पाणी काढलं, पाट टाकला, बेसन भिजवलं. मी तेलाची वाटी घेऊन दारात उभी. वाटलं, गेलं आपलं न्हाण. मोठ्या माणसाशी काय भांडायचं? त्यांची पणती आहे. तेल लावायला मिळालं तरी पुष्कळ.

सासूबाई पाटाकडे गेल्या, आणि पाटावर न बसता शेजारी जमिनीवर बसल्या. तांब्या हातात घेतला. "उबी काय ऱ्हायलीस? बस. पानी निवतंय."

मी बसले. पाय लांब केले. रेश्मानं बाळ माझ्या पायांवर ठेवलं. एवढंसं. तेल लावताना एकदाच कुरकुरली, मग पाय ताणून दिले. सासूबाई पाणी घालत होत्या आणि बडबडत होत्या, "हळू गं. हळू. ते भोपळं न्हाई." माझे हात भराभर चालत नव्हते. मी अंगठ्यानं तिच्या मानेतली वळी पुसली, आणि तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. असं म्हणतात की एवढ्या लहान बाळांना दिसत नाही. म्हणू देत.

पंच्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि तिला वाऱ्यातून आत न्यायच्या घाईत मी निघाले. तीन-चार पावलं टाकल्यावर मागून रेश्मा म्हणाली, "आई!"

"काय झालं?"

"तू उठलीस."

मी खाली बघितलं. उठले होते. कधी, कशाला धरून, काही आठवत नाही. दोन्ही हातांत तर बाळ होतं.

रेश्मा रडायला लागली, बाळही लागलं. तेवढ्यात न्हाणीघरातून सासूबाई, "आरं मला कोन उठवतंय का? मांड्या आवळल्या माझ्या."

मी बाळ एका हातावर घेतलं आणि दुसरा हात त्यांना दिला. त्यांनी घट्ट धरला, सगळा भार माझ्यावर टाकला आणि विव्हळत विव्हळत उठल्या. मी नीट उभी राहिले, जराही डगमगले नाही. "जोर आला बाई तुझ्यात," त्या म्हणाल्या.

मला वाईट वाटलं. आज सकाळीच तर ह्या शेळीमागं गल्लीच्या टोकापर्यंत पळाल्या होत्या. एवढ्याशा बसण्यानं मांड्या कशा आवळल्या, कोण जाणे. उद्यापासून त्यांना पाणी घालायला स्टूल देणार आहे.